खोडलेला ‘दर’

तालुक्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशेजारी ओपीडीच्या वारांचा फलक आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. बुधवारच्या रकान्यात ‘दर बुधवारी मानसोपचार’ असं होतं. त्यातला ‘दर’ कुणीतरी बॉलपेनने खोडलाय आणि पत्र्यावर बॉलपेन उठत नाही म्हणून चार-पाचदा गिरवून वर लिहिलंय, ‘पहिला व तिसरा’. तारीख नाही, सही नाही, जावक क्रमांक नाही. सरकारी कचेरीत एक कपाट या खोलीतून त्या खोलीत न्यायचं तरी टिपणी फिरते. इथे खर्चाच्या कपातीत महिन्यातले दोन-तीन दिवस उडाले आणि त्याचा कागद म्हणावा तर एवढाच. एप्रिलमधला पाचवा बुधवार होता. फलकाखाली एक बाई उभी होती, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, मागे तिशीचा मुलगा, मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळणारा. ‘भाऊ, आज डाक्टर नही का?’ ‘पुढला बुधवारले ये, माय.’ तिने कमरेची डबी काढली, उघडून खिडकीत धरली. आत तीन गोळ्या होत्या. ‘मंग गोयास्नं कसं?’ खिडकीतला माणूस काही बोलला नाही. तो उर्मट नव्हता, त्याच्याजवळ उत्तर नव्हतं.

खानदेशात ‘दर’ हा शब्द कानावर येतो तो कापसाच्या नाहीतर केळीच्या संगतीने. दर पडला, दर फुटला, व्यापाऱ्याने दर पाडून मागितला. रावेर-यावलकडे केळीचा दर जरा घसरला की संध्याकाळपर्यंत पारावर तोच विषय आणि सकाळी पेपरात तीच बातमी. हा दुसरा ‘दर’ पुसला गेला तेव्हा मात्र रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवरही चर्चा झाली नाही. होणार कशी? ज्यांचा तो दर होता ते बोलणारे नव्हेत. या गावचा बाजारही बुधवारचा. ओपीडीला बुधवार ठेवताना कुणीतरी शहाण्या माणसाने डोकं चालवलं असणार, कारण बाजाराच्या दिवशी आडवळणाच्या खेड्यांतूनही काळी-पिवळी सुटते, आणि दुसरं म्हणजे ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला ‘बाजाराला’ हे तयार उत्तर मिळतं. फाइल पिशवीच्या तळाशी जाते, वर वांगी-मिरच्या येतात, गावाला काही कळत नाही. बाजाराच्या आडोशाने जी सेवा घेतली जाते ती बंद झाल्याची तक्रार कुणाच्या नावाने करायची? बोंब मारायची तर आधी आपल्या घरात काय आहे ते सांगावं लागतं.

‘पहिला व तिसरा’ ऐकायला फार वाईट वाटत नाही. पंधरा दिवसांनी एकदा, एवढंच ना? पण कॅलेंडर उलगडून बसलं की गंमत कळते, आणि ती गंमत नसते. पहिल्या बुधवारपासून तिसऱ्यापर्यंत 14 दिवस. तिसऱ्यापासून पुढच्या महिन्याच्या पहिल्यापर्यंत, महिन्यात चार बुधवार असतील तर 14, पाच असतील तर 21. असे पाच बुधवारांचे महिने वर्षात चार, एखाद्या वर्षी पाच. 2026 चा एप्रिल पाहा, पहिला बुधवार 1 तारखेला, तिसरा 15 ला आणि त्यापुढचा पहिला बुधवार थेट 6 मे. औषधाच्या खिडकीवर मिळतात 15 दिवसांच्या गोळ्या. कारण साठा अपुरा असला की फार्मासिस्ट सगळ्यांना थोडं-थोडं वाटतो, आणि काही रुग्णांच्या घरात महिन्याभराच्या गोळ्या एकदम असू नयेत असं डॉक्टरलाही वाटतं. ते बरोबरच आहे. म्हणजे रोज रात्री एक गोळी घेणाऱ्याचे सहा दिवस कोरडे. कागदावर मात्र हिशेब जवळजवळ बसतो. वर्षाच्या 24 खेपा गुणिले 15, झाल्या 360 गोळ्या, दिवस 365. वरच्या कार्यालयातल्या तक्त्यात ही तूट दिसणारच नाही. दर 14 दिवसांच्या खेपेला एक गोळी उरते ती जपून ठेवणाऱ्या आईचं थोडंफार निभतं, तेही पुरतं नाही. एप्रिलच्या खिंडीनंतर पुढची 21 दिवसांची खिंड जुलै-ऑगस्टची. मधे 14 दिवसांच्या पाच खेपा, उरलेल्या गोळ्या पाच, लागणार सहा.

डबीतल्या त्या तीन गोळ्यांत दोन आधीच्या खेपांतून साठवलेल्या असणार.

आता सहा दिवस गोळी नसेल तर होतं काय? बाहेरच्या माणसाला वाटतं, लगेच आरडाओरडा, कपडे फाडणं. तसं होत नाही, आणि तिथेच घात आहे. रिस्पेरिडॉन, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरची रोजची गोळी, थांबलं की पहिल्या दोन-चार दिवसांत सुस्ती उतरते, लाळ गळणं कमी होतं, चेहऱ्यावर जरा तरतरी येते. घरच्यांना वाटतं, पाहा, गोळीनेच पोरगा दबून गेला होता. मग सहा दिवसांचे साठ होतात, आता कुणाच्या नाइलाजाने नव्हे तर घरच्यांच्या निर्णयाने. त्यानंतर झोप उडते, आधी पहाटे तीनला जाग, मग रात्रभर अंगणात फेऱ्या. मग शेजारच्यांच्या बोलण्यात आपलं नाव ऐकू येतं. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला आहे. त्यात औषध सोडणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका औषध चालू ठेवणाऱ्यांच्या जवळपास पाचपट निघाला. पण उलटायला आठवडे, कधी महिने लागतात. बॉलपेन चालतं एप्रिलमध्ये आणि झटका येतो जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत. दोन्हींचा संबंध लावणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे खेड्यावर फिरणारी समाजसेविका, आणि फिरतीची तरतूद कमी झाली की पहिली घरी बसते तीच.

अर्धवट साठ्याचे तर आणखी प्रकार आहेत. मुख्य गोळी आहे पण तिच्या जोडीची ट्रायहेक्सिफेनिडिल संपली. ही छोटी 2 मिलिग्रॅमची गोळी आजार बरा करत नाही, मोठ्या गोळीने हातपाय ताठ होतात ते सैल करते. ती नसली की मान अवघडते, जबडा आवळतो, हात थरथरतात. पाहणाऱ्याला वाटतं गोळी अंगावर आली. अशा वेळी घरचे काय थांबवतात? मुख्य गोळी, कारण हातात तेवढीच असते. किंवा मुख्य गोळीच 2 मिलिग्रॅमची संपली म्हणून 1 ची दिली जाते आणि ‘दोन घ्या’ हे तोंडी सांगितलं जातं. वाचता न येणारी माणसं गोळी रंगाने ओळखतात. पांढरीच्या जागी लाल आली तर निम्मे लोक ती घेत नाहीत आणि उरलेले एकच घेतात. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देणारा एखादा फार्मासिस्ट असतो, त्याला साष्टांग दंडवत. पण तसा माणूस मिळणं नशिबाचा भाग, तरतुदीचा नव्हे.

लिथियमबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण खानदेशचं ऊन आणि ही गोळी यांचं वैर आहे. उन्माद आणि उदासी यांच्या फेऱ्यात सापडलेल्यांना लिथियमने जी स्थिरता येते ती दुसऱ्या क्वचितच औषधाने येते, शिवाय आत्महत्येचा धोका उतरवणारं औषध म्हणून त्याचा लौकिक आहे. पण त्याची वाट अरुंद. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 च्या दरम्यान हवी, 1.5 च्या वर गेली की विषबाधेकडे प्रवास सुरू. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. त्या उन्हात कापसाच्या पूर्वहंगामी लागवडीसाठी सरी पाडणारा किंवा केळीच्या बागेत घड वाहणारा माणूस घामाने निथळतो. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. त्यात कंबर धरली म्हणून गावातल्या डॉक्टरने डायक्लोफेनॅकच्या गोळ्या दिल्या तर पातळी आणखी चढते. जाडसर थरथर, जुलाब, चालताना झोकांड्या, जीभ जड. गावात म्हणतात, सकाळीच लावून आला. म्हणून उन्हाळ्यात या रुग्णांना ताक, मीठ, सावली आणि ‘अंगदुखीवर फक्त पॅरासिटॅमॉल’ हे चार शब्द वारंवार सांगावे लागतात, आणि रक्त तपासावं लागतं. तेही शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, सकाळची गोळी न घेता. नळी हिरव्या टोपणाची नको. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा लिथियम हेपॅरिनच असतं आणि पातळी खोटीच चढलेली दिसते. तालुक्याच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होत नसेल तर नमुना जिल्ह्याला जातो. तो जातो कशाने? बुधवारी आलेल्या पथकाच्या गाडीने.

गाडी नाही तर नमुना नाही. नमुना नाही तर डॉक्टर लिथियम बंद करतो, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही, कारण न तपासता लिथियम चालवणं म्हणजे डोळे बांधून घाट उतरणं. मग सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू होतं. पुरुषाचं त्यावर भागू शकतं. पण समोर पंचविशीची लग्न झालेली मुलगी असेल तर? व्हॅल्प्रोएटने गर्भाला व्यंग येण्याचा आणि मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका मोठा आहे, म्हणून मूल होण्याच्या वयात ते टाळायला सांगतात. वाहनभाड्याच्या एका ओळीवर फिरलेली लाल रेघ फिरत-फिरत एखाद्या बाईच्या गर्भापर्यंत पोचते. ती रेघ मारणाऱ्याला हे माहीत नसतं, असं मी समजतो. माहीत असेल तर बोलणंच खुंटलं.

या गाडीत येतं कोण? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. हा कार्यक्रम 1996 मध्ये देशातल्या 4 जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्यामागचा विचार साधा होता, रुग्णाने मनोरुग्णालयाकडे जाण्याऐवजी उपचार त्याच्या तालुक्याला यावेत. खानदेशाला तर त्याशिवाय गत्यंतरच नाही. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे धडगावच्या पाड्यावरून निघालेला माणूस यातलं कुठलंही गाठून त्याच दिवशी घरी परतू शकत नाही. कार्यक्रमाचा खर्च केंद्र आणि राज्य 60:40 उचलतात, केंद्राच्या आराखड्यात जिल्ह्याला वर्षाला 83 लाख 20 हजारांपर्यंतची मर्यादा आहे. मर्यादा म्हणजे मिळालेले पैसे नव्हेत, हे सांगायला नको. पदं कंत्राटी, 11 महिन्यांची. मुलगी शिकून येते, तिला रुग्णांची नावं, घरं, कोणाचा बाप दारू पितो, कोणाच्या घरात कीटकनाशकाचा डबा पेटीत कुलूपबंद करून किल्ली वहिनीकडे ठेवायला सांगितली आहे, हे सगळं तोंडपाठ होतं, आणि तेवढ्यात तिला दुसरीकडे पक्की नोकरी लागते. पुढची येईपर्यंत चार महिने. आणि ज्या बाईने एकदा मोठ्या मुश्किलीने मन मोकळं केलं तिला नव्या चेहऱ्यासमोर पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याच जणी पुन्हा बसतच नाहीत.

कपात आपला पुरावा आपणच तयार करते, हे या सगळ्यात मला सगळ्यात जास्त डाचतं. समजा 60 रुग्णांना रोज दोन गोळ्या लागतात, महिन्याला 3,600. वर्षात चार महिने ते औषध आलंच नाही. नोंदीत वाटप दिसतं आठ महिन्यांचं, 28,800 गोळ्या. भागिले 12, महिन्याची सरासरी 2,400. पुढच्या वर्षीची मागणी याच सरासरीवरून ‘मागील खप’ म्हणून ई-औषधीत, म्हणजे औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीत, भरली की तुटवडा आपोआप कायमचा होतो. न मिळालेली गोळी ही न लागलेली गोळी ठरते. ओपीडीचंही तसंच. बुधवार अर्धे केले, लोक दोनदा येऊन परत गेले, तिसऱ्यांदा आलेच नाहीत. रजिस्टरात ‘जुने रुग्ण’ घटले, शेरा पडला ‘प्रतिसाद अल्प’. पद रिकामं म्हणून पगार वाचला, गाडी फिरली नाही म्हणून डिझेल वाचलं, वर्षअखेरीला ‘अखर्चित निधी’, आणि अखर्चित म्हणजे गरज नव्हती. दिल्लीतही याहून वेगळं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या नावाने 2018-19 ला 50 कोटींची तरतूद होती, 2019-20 ला ती 40 कोटी झाली आणि सुधारित अंदाजात 5 कोटींवर आली. एवढ्या मोठ्या देशात. आणि याच देशाच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना मानसिक आजार होता, बहुतेक आजारांत शंभरातले सत्तरहून जास्त उपचाराविना होते. प्रतिसाद अल्प म्हणे.

‘फोन आहे की’ असं कुणी म्हणेल. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे, रात्री दोन वाजता कुणाशी तरी बोलता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि हा क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावा. पण फोनमधून फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन येत नाही. तिळाच्या तेलात विरघळवलेलं ते दाट औषध, जाड सुईने, सावकाश, दोन ते चार आठवड्यांनी एकदा कमरेखाली खोल द्यावं लागतं. नंदुरबारकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरणाऱ्यांसाठी हेच सोयीचं, कारण फडावरच्या पालात रोजच्या गोळीचा भरवसा नाही. निघण्याआधी एक इंजेक्शन आणि जवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी, होळीला परत आल्यावर पुन्हा इथे. निघण्याचा दिवस मुकादम ठरवतो, पहिला-तिसरा बुधवार पाहून ठरवत नाही.

भगताकडे जातात म्हणून लोकांना नावं ठेवणारे पुष्कळ. अघोरी प्रकार करणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. पण एक पाहा, भगत गावात असतो, रात्री उठतो, तुमच्या बोलीत बोलतो, अहिराणी म्हणा, भिली म्हणा, पावरी म्हणा, आणि त्याच्या दारावर ‘पहिला व तिसरा’ लिहिलेलं नसतं. जिथे पथक न चुकता येत राहतं तिथे लोक दोन्हीकडे जातात, अंगारा लावतात आणि गोळीही घेतात. पथक येईनासं झालं की अंगारा तेवढा राहतो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 18 वं कलम काढून वाचलं तर अंगावर काटा येतो, इतकं ते स्पष्ट आहे. आवश्यक यादीतली सगळी औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर, म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून वर, मोफत आणि सदासर्वकाळ उपलब्ध हवीत. जिल्ह्यात किमान सेवाच नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा. सदासर्वकाळ. त्या शब्दावर बॉलपेन चालवायचा अधिकार ना तालुक्याला, ना जिल्ह्याला. डॉक्टर दर बुधवारी येणं परवडत नाही हे एकवेळ समजून घेऊ, पण औषधाची खिडकी तर रोज उघडी असते. जुन्या रुग्णाची चिठ्ठी पाहून तीच गोळी पुढे चालू ठेवायला तिथला वैद्यकीय अधिकारी पुरेसा आहे. त्याला प्रशिक्षण आणि साठा दिला की झालं.

विरोध करायचा तर तो मार्चमध्ये करून उपयोग नाही, तोवर आकडे गोठलेले असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्याची आणि जिल्हा नियोजनची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते, निवेदन तेव्हा हवं. आणि त्यात ‘मानसिक आरोग्य ही काळाची गरज’ वगैरे नको, तसले कागद फाइलला लागतात आणि तिथेच झोपतात. लिहायचं ते असं की अमुक गोळी, अमुक मिलिग्रॅम, या तारखेपासून या तारखेपर्यंत शिल्लक शून्य. ही माहिती माहितीच्या अधिकारात मिळते, 10 रुपये शुल्क, उत्तराला 30 दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा, म्हणून वेगवेगळे अर्ज करावेत. एकात औषधाचा महिनावार साठा, दुसऱ्यात पथकाच्या गाडीचं लॉगबुक, तिसऱ्यात मंजूर आणि भरलेली पदं. रुग्णाचं नाव कुठेही मागायचं नाही, द्यायचंही नाही. साठ्याच्या तक्त्यात शून्य असेल त्या महिन्यांवर लाल खूण करून तोच कागद जिल्हा शल्यचिकित्सकांना, लोकप्रतिनिधींना, रुग्ण कल्याण समितीला. सरासरी काढताना शून्याचे महिने वगळून भागाकार करा, ही एकच मागणी मान्य झाली तरी 2,400 चे 3,600 होतात. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा तर आशाताईला किंवा बचत गटाला पुढे करावं. ज्यांच्या घरात आजार आहे त्यांनी उभं राहावं ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

एका गोष्टीचा मात्र निकाल लागत नाही. ज्याने बॉलपेन चालवलं त्याचा राग यावा की नाही? इतर कितीतरी ठिकाणी ‘दर बुधवारी’ तसंच रंगवलेलं आहे आणि पथकाची खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी. या माणसाने निदान फलक खरा केला. माय-लेकरांची एखादी खेप वाचावी म्हणूनच गिरवलं असेल चार-पाचदा.

ती बाई खिडकीपासून बाजूला झाली. डबीचं झाकण लावून डबी कमरेला खोचली. मग दोघं बाजारात गेली, कारण आलोच आहोत तर. हिरव्या मिरच्या घेतल्या, भरताची वांगी घेतली, फाइल खाली गेली. परतीच्या एसटीत तिचं अर्धं तिकीट, मुलाचं पूर्ण. पुढच्या बुधवारपर्यंत सात रात्री, डबीत तीन गोळ्या. रोज अर्धी दिली तर सहा रात्री निघतात, असा हिशेब ती करणार.